डाइंगच्या पाण्याचा रंग टायटेनियम डायऑक्साइडने जातच नाहीये, काय चुकतंय?

सोलापुरी_केमिस्ट:
एमएससीचा प्रोजेक्ट आहे, प्लीज मदत करा. १०० मिली मिथिलीन ब्लू (निळा डाय), १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम), त्यात ५० मिलिग्रॅम टायटेनियम डायऑक्साइड, अर्धा तास अंधारात ढवळलं मग गच्चीवर दुपारच्या उन्हात ठेवलं, दीड तासात निळं पाणी दुधासारखं झालं आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर एकदम नितळ. खूप आनंद झाला होता. मग ओळखीच्या टॉवेल डाइंगवाल्यांकडून खरं पाणी आणलं, काळपट लाल, तीच पावडर तेच ऊन पण चार तासांनीही ढिम्म. पावडर वाढवू का?

रिॲक्टर_रूम:
पावडर वाढवू नकोस, पाणी अजून गढूळ होईल आणि ऊन आतच जाणार नाही. मुळात ह्या पावडरला काम करायला ३८७ नॅनोमीटरच्या खालचा यूव्ही (अतिनील प्रकाश) लागतो, उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के, आणि तुझ्या गडद पाण्यात तोही रंगच खाऊन टाकतो. आधी दहापट पातळ करून बघ. पीएच किती आलाय?

सोलापुरी_केमिस्ट:
१०.८

रिॲक्टर_रूम:
मग तिथेच घोळ आहे. पीएच साडेसहाच्या वर गेला की ह्या पावडरचा पृष्ठभाग ऋण भाराचा होतो. मिथिलीन ब्लू धन भाराचा, म्हणून तो येऊन चिकटतो, पण कॉटनचे रिॲक्टिव्ह डाय (धाग्याशी रासायनिक बंध करणारे रंग) ऋण असतात, ते लांबच राहतात.

प्रोसेस_हाउसवाली:
मी डाइंगमध्येच आहे, त्यात भर घालते. रिॲक्टिव्ह डाय कापडावर चढवायला आम्ही भरपूर मीठ आणि सोडा ॲश टाकतो, ते सगळं ह्या पाण्यात उतरतं. सोड्याचं कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (उन्हात पावडरवर तयार होणारे, रंग तोडणारे कण) गिळून टाकतं, मग रंग तोडायला उरतंय काय! पातळ सल्फ्युरिकने ६ पर्यंत आण, थेंब थेंब टाक, फसफसून फेस वर येतो, बीकर मोठा घे. फेस म्हणजे कार्बोनेट उडून जातंय. एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) नको, क्लोराइड आधीच खूप आहे.

आणि एक सांगते बाळा, रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं असं रिपोर्टमध्ये लिहू नकोस. रेणू एका जागी तुटला तरी रंग जातो, तुकडे पाण्यातच राहतात. नदीकाठच्या लोकांना ते तुकडेच प्यावे लागतात. सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागतो त्याची टेस्ट) कर, आणि त्यात मिठाचं क्लोराइड बांधून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट विसरू नकोस, नाहीतर मिठामुळे आकडा फुगेल.

रिॲक्टर_रूम:
+१. शिवाय पावडर न घालता नुसत्या उन्हात एक बीकर ठेवच, काही डाय उन्हानेच विटतात.

सोलापुरी_केमिस्ट:
खूप खूप आभार ताई, दादा. आज दहापट पातळ केलं, पीएच ६ केला, खरंच केवढा फेस आला! तीन तासांत लाल रंग फिकट गुलाबीवर आलाय, बिनपावडरचा बीकर होता तसाच. उद्या सीओडी लावतो, आकडे इथेच टाकतो.