'फांगजी'ला मराठीत काय म्हणावं?

टाकळा: चिनी औषधींवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात 'हान फांगजी' आणि 'ग्वांग फांगजी' अशी नावं आलीत. मी 'फांगजीच्या दोन प्रजाती' असं लिहिलंय. चालेल, की 'जाती' हवं? एखादं मराठी नाव असेल तर सोन्याहून पिवळं.

कुडा: आपल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आधी कुल, मग प्रजाती आणि तिच्याखाली जाती अशी उतरंड असते. वर्तमानपत्रं हिंदीच्या वळणाने सरसकट 'प्रजाती' लिहितात, ते सोडा. पण ताई, इथे दोन्ही शब्द बसत नाहीत. फांगजी हे झाडाचं नाव नव्हे, औषधाचं आहे. दुकानात चकत्या करून विकतात त्या वाळक्या मुळाचं. हान फांगजी म्हणजे स्टेफानिया टेट्रँड्रा, आपल्या गुळवेलीच्या कुलातली. ग्वांग फांगजी म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची, सापसंदाच्या कुलातली. आताच्या वर्गीकरणात तर त्यांचे गणही (कुलाच्या वरची पायरी) वेगळे: पहिली मोरवेलीच्या गणात, दुसरी चक्क मिरीच्या!

टाकळा: मग दोघींना एकच नाव कसं पडलं?

कुडा: वैद्याला मुळाशी कर्तव्य, फुलाशी नाही. दोन्ही मुळं आडवी कापली की मधोमध चाकासारखे आरे दिसतात, आणि दोन्ही लघवी साफ करायला, सूज उतरवायला देत. जुनी मांडणीही त्याच धाटणीची. चिनी वैद्य ली शिजनच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या 'बनत्साव कांगमू' या औषधग्रंथात डोंगराळ, सुवासिक, पाणथळ, विषारी असे वनस्पतींचे वर्ग आहेत. फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडायची पद्धत स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसची, ती जवळजवळ दीडशे वर्षांनंतर आली. 'टेट्रँड्रा' म्हणजे चार पुंकेसरांची. दुकानातल्या चकतीवर ते कुठून दिसणार?

पळसपान: हा घोळ नुसता शब्दांपुरता राहिला नाही. १९९०च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन उतरवायच्या औषधात स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेली. तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांना घातक. शंभराहून जास्त लोकांना, त्यातही बहुतेक बायकांना, त्याचा फटका बसला; कित्येकींची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९३ साली पहिल्यांदा हे छापून आलं. चीनने ग्वांग फांगजीवर बंदी घातली ती २००४ मध्ये.

टाकळा: बाप रे. म्हणजे 'हान' लिहिलं की निर्धास्त?

कुडा: नाही ना! 'हानचुंग फांगजी' म्हणून आणखी एक मूळ आहे, आणि तीही ॲरिस्टोलोकियाच. शिवाय 'मू फांगजी' आहे, ती आपल्या वासनवेलीची सख्खी बहीण. 'फन फांगजी' लिहा. फन म्हणजे पीठ. स्टेफानियाच्या मुळाची चकती पिठूळ असते.

शेवरी: सरळ 'चिनी गुळवेल' म्हटलं तर? वाचकाला पटकन कळेल.

पळसपान: कळेल, आणि उद्या कुणीतरी काढाही करून पिईल! कुल एक म्हणून गुण एक होत नाहीत. आपल्याकडे 'रास्ना' या आयुर्वेदिक औषधाचं काय झालंय ते बघा: उत्तरेत प्लुकिया नावाची वनस्पती घेतात, दक्षिणेत कुलिंजन, आणि दोन्ही खरीच रास्ना म्हणून. आयुर्वेदवाले अशांना 'संदिग्ध द्रव्यं' म्हणतात. टाकळाताई, 'दोन प्रजाती' काढून 'फांगजी नावाने विकली जाणारी दोन वेगळ्या कुलांतली मुळं' असं लिहा. लांबलचक होतं, पण बरोबर आहे.

टाकळा: पटलं. आणि लॅटिन नावात 'फांगची', बाकी सगळीकडे 'फांगजी', हे कसं?

कुडा: उच्चार तोच. 'ची' हे रोमन लिपीतलं जुनं वळण, 'जी' हे आताचं. लॅटिन नावातला 'ची' बदलू नका. गंमत म्हणजे ज्या झाडाच्या शास्त्रीय नावातच 'फांगची' आहे, तेच आज चिनी औषधकोशाच्या लेखी फांगजी नाही. त्यातून अलीकडे काही अभ्यासक त्याला ॲरिस्टोलोकियातून काढून आयसोट्रेमा प्रजातीत घालतात, तेव्हा 'आयसोट्रेमा फांगची' असं दिसलं तर ती तिसरी वनस्पती समजू नका.