हिंदी क्रिकेट कॉमेंट्रीच्या चर्चेत इंदूरचे कॉमेंटेटर सुशील दोशी राहिलेच की!
काही जण म्हणतात, हिंदी कॉमेंट्री म्हणजे नुसती आरडाओरड. आम्हा इंदूरकरांना हे पटणं कठीण. सुशील दोशी इथलेच. शिक्षणाने इंजिनिअर, पण ओळख आवाजाची. रेडिओवर बोलर कुठल्या एंडने येतोय, फिल्डर कुठे उभे, फटका कव्हरमधून गेला की मिडविकेटला, सगळं चेंडू सीमेवर पोचायच्या आत सांगायचं. टीव्हीवर ते दिसतंच, तिथे गप्प बसता यायला हवं (हल्ली कुणाला जमतं?). इंदूरच्या रामबाग भागात आमचे आजोबा टीव्हीचा आवाज बंद करून ट्रान्झिस्टर कानाला लावायचे. २०१६ साली दोशींना पद्मश्री मिळाली. आणि इथल्या होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला नाव त्यांचंच आहे, तेही ते हयात असताना!