ज्वलनशील का ज्वालाग्राही?

पंचगंगाकाठ: शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सेफ्टी शीटचं मराठी करतोय. घन रसायनाची चाचणी आहे, पावडरची २५० मिमी लांब, २० रुंद, १० उंच पट्टी घालायची, एका टोकाला बर्नर धरायचा, २ मिनिटांत आग २०० मिमी सरकली नाही तर विषय संपला. सरकली तर खरी चाचणी, १०० मिमी जळायला ४५ सेकंदांपेक्षा कमी लागले की वर्ग ४.१, म्हणजे यूएनच्या धोकादायक मालाच्या यादीतला 'फ्लेमेबल सॉलिड'. मी 'ज्वलनशील घन' लिहिलं, तिथल्या साहेबांनी खोडून 'ज्वालाग्राही' केलं. फरक काय?

कट_वाढा: काय नाही. टँकरवर असतंय तेच.

निवृत्त_मास्तर: फरक आहे. 'शील' म्हणजे स्वभाव, सहनशील तसं ज्वलनशील. लाकूड जळतंच की. पण काडी लावताच पेट घेतं ते ज्वालाग्राही. 'पेट घेणं' यातलं घेणं म्हणजेच ग्राही.

कट_वाढा: मास्तर, पेपरात दोन्ही एकाच अर्थानं छापतात. कामगाराला फ्लेमेबल कळतंय, तेच लिहा की.

गुऱ्हाळवाला: संस्कृत न्हाई आन् इंग्रजी बी न्हाई. आमचा आजा चुलवाणात चिपाड घालताना म्हणायचा, ह्ये भडकतंय, ह्ये नुसतं धुमसतंय. भडकणारं लिवा.

पंचगंगाकाठ: भडकणारं म्हटलं की महागाई आठवते ओ. बरं अजून एक, त्या पट्टीत पुढं १ मिली द्रावणानं थोडा भाग भिजवतात, आग तिथं निदान ४ मिनिटं अडली तर पॅकिंग गट ३ (कमी धोका), पार गेली तर गट २ (मध्यम धोका). त्या भागाला काय म्हणू? ओला पट्टा?

फौंड्रीकर: धातूची पावडर असेल तर हे आकडे चालत नाहीत, २ च्या जागी २० मिनिटं बघतात. ते आधी विचारून घ्या.

गुऱ्हाळवाला: साखर बसती का ह्यात?

फौंड्रीकर: ढीग लावून पेटवली तर वितळून काळी पडते. पण हवेत उडाली की वेगळाच खेळ, २००८ ला अमेरिकेतल्या जॉर्जियात इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसं गेली. ती चाचणीच वेगळी.

निवृत्त_मास्तर: म्हणजे साखर ज्वलनशील, पण ज्वालाग्राही नव्हे. मी हेच म्हणत होतो.

कट_वाढा: धूळ भडकती म्हणजे गुऱ्हाळवाला जिंकला भावा. आन् कापूर?

फौंड्रीकर: कापूर ४.१ च, त्याच यादीतला यूएन नंबर २७१७.

गुऱ्हाळवाला: मग अंबाबाईच्या देवळाभायेर पुड्या इकत्यात त्यावर बी ज्वालाग्राही लिवायचं व्हय?

निवृत्त_मास्तर: भीमसेनी असेल तर त्याची व्युत्पत्ती निराळी, सांगतो.

पंचगंगाकाठ: मास्तर, फाईल आज द्यायचीय. ओला पट्टा चालेल का तेवढं सांगा.