मदत हवी: विमानाच्या शेपटीकडची नळी गंजली आहे, तुकडा जोडू की आख्खी बदलू? (शनिवारच्या आत)

हिमवाट (सोमवार, रात्री)
विमानावरचं जुनं कापड उतरवून आतला पोलादी नळ्यांचा सांगाडा गॅरेजमध्ये दोन घोड्यांवर (आधाराच्या चौकटींवर) ठेवला आहे. रंग खरवडताना शेपटीकडच्या खालच्या डाव्या नळीत दाभण टोचून पाहिलं तर ते सरळ आत गेलं. नळी आतून सडली आहे. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, रंगसुद्धा शाबूत होता.

नवी ४१३० (क्रोम-मोली पोलादाची) नळी आणून ठेवली आहे. शनिवारी मेकॅनिक येणार आहे, त्यानंतर तो महिनाभर मिळणार नाही. त्याआधी मला काम पुढे न्यायचं आहे. आतून स्लीव्ह (आत बसणारी छोटी नळी) घालून तुकडा जोडू, की सांध्यापासून सांध्यापर्यंत नळी बदलू? सरावाच्या तुकड्यांवर टिग (विजेच्या ठिणगीचा) वेल्ड बरा येतोय, फक्त शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला दर वेळी भोक पडतं. तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया लिहा. घाई आहे.

निनाद_कॅल्गरी
विमान कोणतं? साल कोणतं? कुठल्या देशात नोंदलेलं आहे? नळी किती इंच सडली आहे? यातलं काहीच न सांगता उत्तर कसं देणार?

कॅनडात असाल तर माझं ऐका, विमान ‘ओनर-मेंटेनन्स’ श्रेणीत टाका. मी माझं टाकलं. दुरुस्ती स्वतः करायची, सहीसुद्धा स्वतःच करायची. मेकॅनिकची वाट बघत हिवाळे घालवायची गरज नाही.

सिंहगड_रोड
घरी विमान बांधताय, मनापासून अभिनंदन! आपल्या अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं होतं. २०१६ मध्ये बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएने (भारताच्या विमान वाहतूक नियामकाने) त्याची नोंदणी केली. तुम्ही त्यांच्याशी बोललात का?

हिमवाट
@सिंहगड_रोड, मी नवीन विमान बांधत नाहीये, जुनं दुरुस्त करतोय. यादवांबद्दल आदर आहेच, पण त्यांचं विमान धातूच्या पत्र्याचं आणि माझं नळ्यांवर कापड ताणलेलं. कामच वेगळं आहे.

@निनाद, पायपर पीए-१२ सुपर क्रूझर, १९४६. मी अलास्कात, वसिल्लाला राहतो. नोंदणी अमेरिकेची, नंबर ‘एन’ने सुरू होणारा. विमान आधी तरंड्यांवर तळ्यात असायचं, मग बरीच वर्षं मालकाच्या अंगणात उघड्यावर पडून होतं. दाभण साधारण पाच इंचांत ठिकठिकाणी आत जातं.

निनाद_कॅल्गरी
मग ओनर-मेंटेनन्स तुम्हाला लागू नाही. पण ‘एक्सपेरिमेंटल’ करता येईल ना?

जुनी_मशीन
निनाद, नाही करता येत. अमेरिकेत त्यातल्या हौशी-बांधणी प्रकारासाठी विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः घडवलेला असावा लागतो. कारखान्यातून प्रमाणपत्र घेऊन निघालेलं विमान कितीही दुरुस्त केलं तरी त्यात बसत नाही. आणि तुमच्या त्या ओनर-मेंटेनन्स श्रेणीतून विमान परत नेहमीच्या (नॉर्मल) श्रेणीत आणायला काय यातायात असते तेही सांगा लोकांना. विकताना कळतं.

हिमवाट, मी टेक्सासात एअरोंका चॅम्प हे असंच एक जुनं छोटं विमान पूर्ण उघडून पुन्हा उभं केलं आहे. सरळ सांगतो, टिग नको. ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन (गॅसच्या ज्योतीचा वेल्ड) घ्या. या विमानांचा सांगाडा मुळात त्यावरच जोडलेला आहे. ज्योतीने आजूबाजूचा भाग हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. टिगचा तापलेला पट्टा अरुंद, त्याच्या कडेला पोलाद कडक होतं आणि पुढे तिथेच तडा जातो.

ओझरकर
मी ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात ३१ वर्षं वेल्डिंग तपासणीत होतो. जुनी_मशीन यांच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण एवढ्या पातळ ४१३० नळीवर टिग चालतो आणि नंतर वेगळी उष्णता प्रक्रिया लागत नाही. तडा जातो तो वाऱ्याची झुळूक लागली, सांधा ढिला बसवला किंवा लवकर हात लावता यावा म्हणून ओलं फडकं ठेवलं की. तुमच्याकडे ऑक्टोबरची थंडी आहे. वेल्ड करताना आणि त्यानंतर नळी आपोआप निवेपर्यंत गॅरेजचं दार उघडायचं नाही.

शेवटी भोक का पडतं: नळी दोन्हीकडून बंद आहे. आतली हवा तापून फुगते आणि शेवटच्या वितळलेल्या थेंबातून बाहेर पडते. तुमच्या हाताचा दोष नाही. जवळ एक बारीक भोक पाडून हवेला वाट द्या. त्याच भोकातून नंतर आत जवसाचं तेल सोडायचं, नळी फिरवून सगळीकडे लावायचं, निथळू द्यायचं आणि मग भोक बंद करायचं.

आणखी एक. नळी ब्रेक क्लीनरने पुसू नका. क्लोरिनवाला असेल आणि त्याचा अंश उरला असेल तर वेल्डिंगच्या ठिणगीजवळ फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय टॉर्च पेटवू नका.

आता माझे प्रश्न. सांगाडा कशाला बांधलेला आहे? जुन्या नळीची जाडी मोजली का? आणि पाच इंचांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना टोचून पाहिलं का?

जुनी_मशीन
काका, कारखान्यातली खोली आणि घरचं गॅरेज यात फरक आहे. गॅरेजमध्ये नवख्या माणसाला गॅसच जास्त सांभाळून घेतो, यावर मी ठाम आहे.

ओझरकर
नवख्याने गॅसवर पातळ नळी तापवली तर ती ओढली जाऊन आख्खी शेपूट वाकडी होते. अशा वाकलेल्या जोडण्या मी पाहिल्या आहेत. ज्या पद्धतीवर सराव झालेला आहे त्याच पद्धतीने करू द्या.

सिंहगड_रोड
अवांतर: १९४७ साली ट्रूमन आणि इव्हान्स या दोघांनी दोन पीए-१२ घेऊन जगप्रदक्षिणा केली होती. हिमवाट, तुमच्याकडे तेच विमान आहे हे वाचून फार बरं वाटलं. मला उडवता येत नाही, पण हा धागा सोडवत नाही.

हिमवाट
टिग की गॅस हे मी विचारलेलंच नाही. टिग मशीन घेतलेलं आहे. तुकडा की आख्खी नळी, एवढंच सांगा.

काका, भोकाबद्दल खूप आभार. आज करून पाहिलं, सहाच्या सहा जोड बंद झाले. बांधण्याबद्दल: सांगाडा घोड्यांवर पट्ट्याने आवळला आहे. पुढे नळी चांगली वाटली म्हणून सडलेला सात इंचांचा भाग मी काल ग्राइंडरने कापून काढला.

ओझरकर
कापला?

आता काहीही हलवू नका. शेपटीचा भार त्या चौकटीतल्या उरलेल्या तीन नळ्यांवर आहे. एक लोखंडी अँगल घ्या आणि कापलेल्या जागेच्या पुढच्या आणि मागच्या सांध्यांना क्लॅम्पने पक्का धरा. मग वरच्या दोन नळ्यांवर आडवी पाणसळ ठेवा, मधोमध दोरी ताणा, शेपटीच्या उभ्या खांबाजवळ ओळंबा सोडा. दोन्ही कर्ण मोजून आकडे इथे लिहा. हे झाल्याशिवाय टॉर्च हातात घ्यायचा नाही.

जुनी_मशीन
यावर काकांशी शंभर टक्के सहमत. आणि मेकॅनिकला न दाखवता का कापलंत? अमेरिकेच्या विमान देखभाल नियमांतल्या पार्ट ४३ प्रमाणे तुम्ही स्वतः काम करू शकता, पण त्याच्या देखरेखीखाली. गरजेपुरतं काम त्याने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे आणि विचारायला तो प्रत्यक्ष मिळाला पाहिजे. लाँजेरॉन (सांगाड्याची लांबीची मुख्य नळी) जोडणं ही मोठी दुरुस्ती धरली जाते, म्हणजे त्यासाठीचा फॉर्म ३३७ आणि त्यावर आयएची (तपासणीचा अधिकार असलेल्या मेकॅनिकची) सही. कापलेला तुकडा तरी जपून ठेवा. त्याला गंज किती आणि कसा होता ते बघायला लागेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एसी ४३.१३-१बी या दुरुस्तीच्या सरकारी पुस्तिकेत दोन्ही पद्धती दिल्या आहेत. आतल्या स्लीव्हचा जोड करायचा तर ३० अंशांचा तिरका काप आणि दोन्ही टोकांना धडधाकट धातू हवा. सडलेल्या भिंतीवर केलेला जोड टिकत नाही. म्हणून गंज कुठे संपतो ते आधी ठरवा.

मृण्मयी_के (सिअ‍ॅटल)
कोणी विचारलं नाही तरी विचारते, कारण मी रसायनांच्या सुरक्षेचं काम करते. गॅरेज घराला लागून आहे का? गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा वॉटर हीटर किंवा बॉयलर आहे का?

हिमवाट
लागून आहे. बॉयलर गॅरेजमध्येच कोपऱ्यात आहे. वर मुलांची खोली. पण कापडाला अजून वेळ आहे, आत्ता फक्त नळीचं काम चाललंय.

मृण्मयी_के
जुन्या कापडाचा डिंक कशाने काढलात?

हिमवाट
एमईकेने (मिथिल इथिल कीटोन). फडक्याने पुसून काढला. थंडी होती म्हणून दार बंद होतं.

मृण्मयी_के
हिमवाट, हे नीट वाचा. एमईकेचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते) उणे ९ अंश सेल्सिअस आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि बॉयलरची ज्योत खालीच असते. बंद गॅरेज, वर झोपलेली मुलं. त्या दिवशी काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नाही. कापड चिकटवण्याचा पॉलिटॅक डिंक आणि त्यावरचे थर यांतही असलेच द्रव असतात, आणि ते तुम्ही बादल्यांनी वापराल.

एमईकेचा डबा आजच घराबाहेर काढा. भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तीही बाहेर. कापडासाठी पाण्यावर आधारलेली स्टुअर्ट सिस्टम्सची पद्धत बघा. ती मंजूर आहे, फक्त थंडीत गोठू द्यायची नाही. वेल्डिंगसुद्धा त्याच खोलीत करताय, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

जुनी_मशीन
मी पॉलिफायबरच (पॉलिटॅकवाली पद्धत) वापरलं, ते उत्तमच आहे. पण माझं शेड घरापासून लांब होतं. ताईंचं बरोबर आहे. आणि सांगाड्याला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमरच लावा, साधा प्रायमर त्या डिंकाने विरघळून सुटतो.

जुहू_हँगर
धागा आज पाहिला. जुहूला मी पुष्पक विमानांवर काम केलं आहे. एचएएलचं दोन आसनी विमान, १९५८ साली पहिल्यांदा उडालं, ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन. सांगाडा तुमच्यासारखाच, पोलादी नळ्या आणि वर कापड. आम्ही सुती कापडावर डोप (लाखेसारखा द्रव) मारायचो. हल्लीच्या पॉलिस्टरला इस्त्री फिरवून ताणतात, २५० अंश फॅरनहाइटला सुरुवात आणि शेवट ३५० ला. आमच्या वेळी डोपच कापड ताणायचा आणि तो वास दिवसभर अंगाला राहायचा.

मूळ गोष्ट राहून जातेय. शेपूट टेकवून उभ्या राहणाऱ्या विमानात सगळं पाणी मागे खाली उतरतं. म्हणून तिथे कापडाला ग्रोमेट (छोट्या कड्या) लावून निचऱ्याची भोकं ठेवतात. जुहूच्या पावसाळ्यात आम्ही दर आठवड्याला त्यांत काडी घालून बघायचो, मातीने बुजलेली निघायची. तुमच्या उतरवलेल्या कापडावर शेपटीखाली भोकं होती का? नसतील तर नवी नळीही सडेल. आणि पाणी डावं-उजवं बघत नाही. उजवी नळी टोचली का?

हिमवाट
जुनं कापड अजून टाकलेलं नाही. आत्ता पसरून पाहिलं. भोकं होती, पण त्यांच्यावर कोणीतरी नंतर ठिगळ लावून रंग दिला आहे. दोन्ही बुजलेली.

उजव्या नळीत दाभण दोन जागी आत गेलं.

एमईके, फडकी सगळं मागच्या अंगणात नेलं. मृण्मयीताई, बायकोला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. बॉयलरच्या खोलीला भिंत घालून बाहेरची हवा देण्याचं ठरलं आहे. ते होईपर्यंत डिंकाचं काम बंद.

हिमवाट (रविवार)
काल मेकॅनिक चार तास होता. न विचारता कापलं म्हणून तो आधी चिडला, आणि ते योग्यच होतं. मग दोघांनी दोरी ताणून मोजलं. शेपटीचा खांब डावीकडे ४ मिलिमीटर कललेला निघाला. अँगल, क्लॅम्प आणि टर्नबकल (पिळून ताण देणारा स्क्रू) लावून तो हळूहळू जागेवर आणला. कर्ण आता दोन्हीकडे सारखे आहेत.

तुकडा जोडायचा नाही असं ठरलं. खांबापासून पुढे दुसऱ्या सांध्यापर्यंत दोन्ही खालच्या नळ्या बदलायच्या. एका वेळी एक, म्हणजे दुसरी सांगाडा धरून ठेवेल. आधी सगळीकडे फक्त टाके (ठिपक्यांएवढे वेल्ड), मग पुन्हा मापं, मग समोरासमोरच्या बाजूंनी थोडं थोडं वेल्ड. टाक्यांनंतरची मापं फोनवर दाखवायची आणि वेल्ड पूर्ण करायला तो त्याच्या भावाच्या हँगरमधून एक दिवस काढून येणार आहे. माझे सरावाचे जोड त्याने कापून आतून पाहिले आणि चालतील म्हणाला.

ओझरकर
टाके मारल्यावर सांध्याचे चारही बाजूंनी फोटो टाका. घाई नको. आणि पंखांखालचे स्ट्रट (पंख तोलणाऱ्या तिरक्या नळ्या) पाहिलेत का? ज्याच्या शेपटीत पाणी साचलं त्याच्या स्ट्रटमध्येही असेल.

जुनी_मशीन
पायपरच्या स्ट्रटवर एफएएचा (अमेरिकेच्या विमान नियामकाचा) निर्देशच आहे, पीए-१२ त्यात येतं. ते आतून गंजतात. एक तर ठरावीक काळाने तपासत राहा, नाही तर सीलबंद स्ट्रट लावा. युनिव्हेअर या सुट्या भागांच्या कंपनीकडे मिळतात, महाग आहेत. मी लावले, कारण पंख त्यावरच तोललेला असतो.

हिमवाट
स्ट्रट भिंतीला टेकवून ठेवले होते, दिसायला नव्यासारखे. तुमचे प्रतिसाद वाचून आत्ता डाव्या स्ट्रटचा खालचा फोर्क (टोकाचा जोडभाग) काढला आणि तो उभा धरून ठोकला. वर्तमानपत्रावर मूठभर तांबडी पूड पडली. उजवा उद्या सकाळी उघडतो.