मदत हवी आहे: केबिनमधले एलईडी गाडी लॉक केल्यावरही मिणमिणत राहतात

घाटमाथा_पुणे

नमस्कार मंडळी,

गाडी सात-आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. छताला मध्ये एक दिवा आणि पुढे आरशापाशी दोन छोटे मॅप लॅम्प. मूळचे पिवळे बल्ब इतके मंद, की मागच्या सीटवर बसलेल्या आईला पिशवीतली गोळ्यांची पट्टी शोधायची तर मोबाईलचा टॉर्च लावावा लागायचा. म्हणून तिन्ही काढून एलईडी घातले. मधला फेस्टून, म्हणजे दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा बल्ब, आणि पुढचे दोन टी१०, म्हणजे बुडाशी चपटी पाचर असलेले छोटे बल्ब.

उजेड झकास पडला. पण गाडी लॉक केल्यावर दिवे पूर्ण विझत नाहीत. दिवसा कळतही नाही. रात्री पार्किंगमध्ये काचेला डोळा लावून बघितलं तर तिन्ही काजव्यासारखे मिणमिणत असतात, आणि पहाटे बघा, तसेच.

दारं आणि डिकी नीट लागलेली आहेत, डॅशवरचं दाराचं चिन्हही विझतं. फेस्टून उलटा बसवून पाहिला तर तो पेटतच नाही. दुसऱ्या दुकानातून वेगळा एलईडी आणला, तरी तेच. आता खरी गंमत ऐका: मधल्या दिव्यात जुना पिवळा बल्ब परत घातला की पुढचे दोन एलईडीसुद्धा ठार विझतात! त्यांना मी हातही लावलेला नसतो. हे कसं काय?

दिवाळीत आठवडाभर बाहेर आहोत, गाडी सोसायटीतच उभी राहील. बॅटरी उतरेल का? ॲक्सेसरीवाला म्हणतो, "वायरिंग लीक आहे, छत उतरवून नवीन वायर टाकू." छत उतरवायची माझी अजिबात तयारी नाही.

रापचिक

दाराचा स्विच खराब असणार. डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा.

घाटमाथा_पुणे

स्विच खराब असता तर दिवे पूर्ण पेटले असते ना? आणि डॅशवर दार उघडं दाखवलं असतं. इथे नुसता जेमतेम उजेड आहे.

कोकणकडा

लांब जाताना बॅटरीचा मायनस काढून ठेवायचा, विषय संपला. आम्ही तेच करतो.

सर्किटकाका

मायनस काढला तर दिवे विझतील हे खरं, पण घड्याळ, रेडिओचे स्टेशन, काही गाड्यांत पॉवर विंडोची सेटिंगही जाते. काजवा मारायला तोफ कशाला!

घाटमाथा, तुमचं वायरिंग ठणठणीत आहे. जुना बल्ब घातल्यावर पुढचे दोन विझतात, यातच सगळं उत्तर आहे. सविस्तर सांगतो.

आजकालच्या गाड्यांत केबिनचा दिवा साध्या स्विचने बंद होत नाही, बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल तो बंद करतं. म्हणून तर दिवे हळूहळू मंदावतात. हा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, आणि बंद असतानाही त्यातून किंचित करंट झिरपतो. काही गाड्या तर बल्ब शाबूत आहे का हे तपासायला मुद्दामच बारीकसा करंट सोडतात. हा सगळा मामला एखाद्या मिलीअँपचा.

आता तुमचा जुना बल्ब. १२ व्होल्ट, ५ वॅट. पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे २९ ओहम, पण तार थंड असताना जेमतेम तीनेक ओहम. त्यातून एक मिलीअँप गेला तर टोकांना व्होल्टेज किती? तीन मिलीव्होल्ट. तार कोमटसुद्धा होत नाही. हा झिरपा पहिल्या दिवसापासून तुमच्या गाडीत आहे, पिवळ्या बल्बने तो कधी दिसू दिला नाही इतकंच.

एलईडीचं उलट. १२ व्होल्टच्या पट्टीत बहुधा तीन-तीन पांढरे एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. त्यांना मिणमिणायला आठेक व्होल्ट आणि नावापुरता करंट पुरतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तर मिलीअँपचा दहावा हिस्साही दिसतो.

तुमचे तिन्ही दिवे समांतर जोडलेले आहेत. मध्ये पिवळा बल्ब आला की झिरपणारा सगळा करंट त्या तीन ओहमच्या सोप्या वाटेने निघून जातो आणि पुढच्या दोघांच्या वाट्याला काही उरत नाही. मल्टिमीटर असेल तर गाडी लॉक करून, बीसीएम झोपल्यावर मधल्या दिव्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. एकदा एलईडी घालून, एकदा जुना बल्ब घालून.

बॅटरीची काळजी सोडा. एक मिलीअँपने आठवडाभरात जातात १६८ मिलीअँप-तास. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर अर्धा टक्का. अलार्म, बीसीएम वगैरे मिळून उभी गाडी एरवीच याच्या वीस-तीस पट खात असते.

घाटमाथा_पुणे

काका, मोजलं! एलईडी असताना ७.८ व्होल्ट, पिवळा बल्ब घातल्यावर शून्य. तुम्ही म्हणता तसंच. आता उपाय सांगा. मध्ये पिवळा आणि पुढे एलईडी असं ठेवलं तर चालेल, पण आईचा प्रश्न मधल्या दिव्याचाच आहे.

सर्किटकाका

मग एलईडीला समांतर एक रेझिस्टर लावा, १ किलोओहम, अर्धा वॅट. झिरप्याला वाट मिळते आणि एलईडीच्या टोकांवर व्होल्टभरच उरतो, तेवढ्यात तो पेटू शकत नाही.

अर्धा वॅट का, तेही सांगतो. इंजिन चालू असताना गाडीत १२ नाही, १४.४ व्होल्टपर्यंत असतात. १४.४ चा वर्ग भागिले हजार म्हणजे ०.२ वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर काठावर पास होईल, पण प्लॅस्टिकच्या झाकणाखाली काठावरचं काम नको. कोणी ४७० ओहम सुचवलं तर एक वॅटचा घ्यावा लागेल आणि तो चांगला तापेल. गरज नाही.

तिन्ही दिवे समांतर असल्याने रेझिस्टर एकच पुरतो. फेस्टूनच्या मागच्या बाजूला, जिथे एलईडी नाहीत तिथे, एका टोपीपासून दुसऱ्या टोपीपर्यंत रेझिस्टर ठेवून सोल्डरचा डाग द्या. त्याच्या तारेच्या पायांवर प्लॅस्टिकची नळी (स्लीव्ह) चढवा, नाहीतर मागच्या ॲल्युमिनियमला टेकतील. गाडीची एकही वायर कापायची नाही. रेझिस्टर पुण्यातच तपकीर गल्लीत मिळेल, दुकानदार एक देणार नाही, मूठभर देईल.

एक मेख आहे. मधल्या दिव्याचा खटका 'डोअर'वरच राहू द्या. 'ऑफ'वर नेलात तर तो दिवा रेझिस्टरसकट सर्किटबाहेर जातो आणि पुढचे दोन पुन्हा मिणमिणायला लागतात.

नाना_पेठवाला

डाग द्यायचा कंटाळा असेल तर 'कॅनबस' लिहिलेले एलईडी घ्या, त्यांत रेझिस्टर आतच असतो. पण ते तापतात, आणि नाव छापलंय म्हणून आत काही असेलच याची हमी नाही. स्वस्तातला उघडून बघा, नुसता स्टिकर निघतो.

आणि फेस्टून घेताना लांबी मोजूनच घ्या. ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर असे येतात. ३६ च्या जागी ३९ दाबून बसवणारे रोज येतात आमच्याकडे. बल्ब धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या फाकतात, मग पुढचा कुठलाही बल्ब खड्ड्यात गाडी आदळली की लुकलुकतो. फाकल्याच असतील तर बारीक पकडीने हळूच आत घ्या, पण आधी फ्यूज काढून.

सर्किटकाका

फ्यूजचं नाना बरोबर बोलले. बऱ्याच गाड्यांत दिव्याचा प्लस कायम जिवंत असतो आणि बीसीएम मायनसची बाजू जोडतं. म्हणजे दिवा बंद दिसला तरी एका पट्टीवर १२ व्होल्ट असतात. झाकण उचकटताना स्क्रू ड्रायव्हर त्या पट्टीला आणि छताच्या पत्र्याला एकदम टेकला की फ्यूज गेलाच, आणि त्याच फ्यूजवर बऱ्याचदा रेडिओ किंवा सेंट्रल लॉकही असतं. झाकणाला स्क्रू ड्रायव्हर लावूच नका, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड कडेत सरकवा, ओरखडाही पडत नाही.

मोगरा

विषय थोडा वेगळा, पण रंग कोणता घेतलाय? आमच्याकडे ६००० केल्विनचे होते. दार उघडलं की ऑपरेशन थिएटर! सासूबाई डोळ्यांवर पदर घ्यायच्या. आता ४००० चे घातलेत, वाचायलाही बरे आणि रात्री डोळे दिपत नाहीत.

घाटमाथा_पुणे

ताई, ६००० चेच आहेत. आईनेही "एवढा पांढरा कशाला रे" म्हणून झालंय. नवीन फेस्टून ४००० चा आणून त्यालाच रेझिस्टर लावतो.

घाटमाथा_पुणे

झालं काम! ४००० केल्विनचा ३६ मिलिमीटर फेस्टून, मागे १ किलोओहम. लॉक केल्यावर पाऊण व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि तिन्ही दिवे काळेकुट्ट. मिनिटभर चालू ठेवून रेझिस्टरला बोट लावलं, कोमट होता, बास.

राहिलेली शंका: पूर्वी दिवे कसे अलगद मंदावायचे, आता एलईडी शेवटी थोडे थरथरून एकदम जातात. हेही रेझिस्टरने जाईल का? आणि डिकीचा व नंबर प्लेटचा दिवा बदलू का?

सर्किटकाका

ते जाणार नाही. बीसीएम दिवा मंद करताना करंट भराभर चालू-बंद करतं. तारेला थंड व्हायला वेळ लागतो म्हणून पिवळ्या बल्बमध्ये ते जाणवत नाही, एलईडी मात्र लगेच विझतो-पेटतो. क्षणभराचं काम आहे, सोडून द्या.

डिकीचा बिनधास्त बदला, तो बहुतेक वेगळ्या स्विचवर असतो. विसरून रात्रभर चालू राहिला तरी ५ वॅटच्या बल्बने दहा तासांत चार अँपिअर-तास गेले असते, एक वॅटच्या एलईडीने एकही जाणार नाही. नंबर प्लेटला पांढराच घाला, निळा-जांभळा नको, नियमात तिथे पांढराच उजेड लागतो. त्याची झाकणाची रबरी कड कडक झाली असेल तर तीही बदला, पावसाळ्यात आत पाणी जातं.

रापचिक

म्हणजे डब्ल्यूडी-४० नकोच?

नाना_पेठवाला

बिजागरीला मारा.