तिसरी-चौथीची मुलं मराठी पुस्तक दोन पानांत मिटतात, काय करावं?

बालवाचनालय_ठाणे:
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या छोट्या वाचनालयासाठी विचारतेय. 8 ते 10 वर्षांची वीसेक मुलं येतात, बहुतेक इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी बोलणारी. पुस्तक हौसेनं उचलतात, दोन पानांत मिटतात आणि कुणाच्या तरी मोबाइलभोवती गोळा होतात. मोबाइल आणायचा नाही असं सांगितलं, तर मुलंच येईनाशी झाली.

अक्षरवेडा:
आधी मूल कुठे अडतं ते बघा. त्यानं निवडलेल्या पुस्तकातला साधारण शंभर शब्दांचा मजकूर मोठ्यानं वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा. पाचही दुमडली, तर ते पुस्तक त्यानं एकट्यानं वाचायचं नाही, कुणीतरी सोबत बसायचं. शब्द लावण्यातच दम गेला की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. मग गोष्टीत गंमत कुठली? व्हिडिओ बघताना हे कष्ट नसतात, म्हणून मूल तिकडे वळतं.

अडतं ते बहुधा जोडाक्षरांत, त्यातही ‘र’पाशी. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘दऱ्या’: र एकच, रूपं चार. रफार तर उच्चारायचा आधी आणि दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून ‘सूर्य’चं ‘सूयर’ होतं. दुसरा घोळ च-जचा. ‘चिमणी’तला च वेगळा, ‘चमचा’तला वेगळा, लिहायचा मात्र सारखाच. मराठी कानावर असलेल्या मुलाला हे चटकन कळतं, पण कुणीतरी सांगायला हवं. आठवड्याला एकच रूप घ्या आणि त्याचे आठ-दहा शब्द त्या आठवड्याच्या गोष्टीतूनच काढा. शब्दांच्या याद्या घोकायला दिल्या की वाचनालयाची शिकवणी होते.

सोबतवाचन:
वरच्याशी सहमत. सोबत बसून वाचायचं कसं, ते सांगते. रोज दहा मिनिटं पुरतात. दोघांनी एकाच पुस्तकातून, मुलाच्या वेगानं, एकत्र मोठ्यानं वाचायचं. एकट्यानं वाचावंसं वाटलं की मूल टेबलावर टकटक करतं, आपण गप्प व्हायचं. अडलं तर मनात चारपर्यंत मोजायचं, तरी जमलं नाही तर शब्द सांगून टाकायचा, त्यानं तो एकदा म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचं. ‘फोड करून वाच बघू’ इथे नको, गोष्टीचा धागा तुटतो. मोठ्यांना तेवढं थांबवत नाही, दोन मोजायच्या आत शब्द तोंडातून निघतो; पद्धत फसते ती इथेच. आणि वाचून झाल्यावर सारांश नको, तात्पर्य नको. कृपा करून नकोच.

पुस्तकांचं म्हणाल तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोफत उतरवून छापता येतात. पहिल्या पातळीपासून सुरू करा. चौथीतल्याला ते ‘बाळांचं’ वाटणार. त्याला पहिलीतल्या मुलांना वाचून दाखवायचं काम द्या, म्हणजे सोपं पुस्तक हातात धरायची लाज वाटत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. पण मजकूर दाट असतो, तो आधी वाचून दाखवायला घ्या.

बालवाचनालय_ठाणे:
खूप आभार दोघांचे. छापलेल्या पुस्तिका टिकतील कशा? आणि मोबाइलचं काय?

कपाट_आणि_कसर:
स्टेपल मारू नका. आपल्याकडच्या पावसात पिना गंजतात आणि मधलं पान सुटतं. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, जाड दोरा मधल्या भोकातून घालून दोन्ही टोकांना फिरवून आणा आणि परत मध्येच गाठ मारा. खाकी कव्हर घालू नका, चित्र झाकलं जातं. पारदर्शक प्लॅस्टिक घाला. पातळ पुस्तिका कपाटात उभ्या लावल्या तर कणा दिसत नाही आणि कुणी हात लावत नाही. भिंतीवर मुलांच्या छातीच्या उंचीवर दोरी ताणा, कपड्यांचे चिमटे लावा, मुखपृष्ठं समोर येऊ द्या. एका वेळी तीसेक पुरेत, दर पंधरा दिवसांनी दहा बदला.

मोबाइलबंदी उठवा. दाराशी टोपली ठेवा, पहिली 20 मिनिटं सगळ्यांचे फोन त्यात, सोडायला आलेल्या आईबाबांचे आणि तुमचाही. वेळ संपली की ज्याचा त्याला परत.