समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या समुपदेशनात तटस्थ राहणे पुरेसे आहे का?

सीमावासी, बेळगाव
समलिंगी, उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांकडेही आकर्षण असणारी) किंवा पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःला वेगळी मानणारी) व्यक्ती समुपदेशकाकडे येते, तेव्हा त्याने केवळ तटस्थपणे ऐकून घ्यावे, की तिची लैंगिकता अथवा लिंगभाव हा आजार नाही हे पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगून मग पुढच्या कामाला लागावे? दुसऱ्या पद्धतीला स्वीकारशील समुपदेशन म्हणतात. माझे मत तिच्या बाजूने आहे आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात तिची गरज अधिक आहे असे मी मानते.

कारण येणारी व्यक्ती तटस्थ जगातून आलेली नसते. "एकदा लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल" असे सांगणारे काका, अंगारा लावणारे शेजारी, वर्गात चालण्याबोलण्याची नक्कल करणारी मुले, या सगळ्यांनी आपापला निकाल आधीच दिलेला असतो. त्यानंतर समोर बसलेला तज्ज्ञही या विषयावर गप्प राहिला, तर त्याचे मौन त्याच निकालात जमा होते. मग ती व्यक्ती झोप लागत नाही, अभ्यासात मन लागत नाही एवढेच सांगते, गोळ्या घेते आणि मूळ गोष्ट न बोलताच परत जाते. इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये मांडले की लैंगिक अल्पसंख्याकांच्या मनावरचा हा जादा ताण भेदभावातून, नाकारले जाण्याच्या सततच्या धास्तीतून, लपवण्याच्या कष्टातून आणि स्वतःविषयी रुजलेल्या लाजेतून येतो. नैराश्यावर उपचार नैराश्य म्हणूनच व्हावेत, पण त्याचे मूळ त्या व्यक्तीच्या आकर्षणात शोधू नये, एवढाच या पद्धतीचा आग्रह आहे.

शास्त्रात हा प्रश्न उघडा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आणि २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत पारलिंगी असणेही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये समलैंगिकता हा मनोविकार नसल्याचे जाहीर केले. समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजाराच्या निदानाचा आधार होऊ शकत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. जे ठरलेले आहे ते सांगायला संकोच कशासाठी?

आपल्याकडे भाषेचाही प्रश्न आहे. खानापूरच्या खेड्यातली मुलगी मराठीत विचार करते, डॉक्टर कन्नड बोलतात आणि दुभाषा म्हणून मावसभाऊ शेजारी बसतो. अशा वेळी ती काय सांगणार?

एक समुपदेशक, टिळकवाडी
मी याच भागात काम करतो आणि मांडलेल्या मताशी असहमत आहे. समलैंगिकता आजार आहे असे मी मानत नाही. माझा आक्षेप घाईला आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा अनेकदा स्वतःच गोंधळलेला असतो. त्याने एखादा शब्द उच्चारण्याआधीच मी तो उच्चारला, तर त्याचा निर्णय मी घेतल्यासारखे होते. ऐकणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. ज्याला आजवर कोणी ऐकूनच घेतले नाही त्याच्यासाठी ते मोठे काम असते.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. आमच्याकडे मुलाला बहुधा आईवडीलच आणतात. फी तेच देतात आणि पुढच्या भेटीला आणायचे की नाही हेही तेच ठरवतात. पहिल्या तासात मी उघड बाजू घेतली, तर दुसरी भेट होत नाही, आणि तो मुलगा त्याच घरात, आता अधिक संतापलेल्या वडिलांसमोर, एकटा परततो. मुंबईत मुलगा वसतिगृहात जाऊन राहू शकतो. चिकोडीत त्याला घराशिवाय जागा नसते.

निपाणीची वाचक
आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. "तू अमुक आहेस" असे सांगणे म्हणजे शिक्का मारणे, आणि तो कोणीच मारू नये. "तू जो कोणी असशील, तो आजार नसेल" हे सांगितल्याने मात्र गोंधळलेल्या मुलाला विचार करायला जागा मिळते. तो समलिंगी नसल्याचे पुढे त्याला उमगले, तरी या वाक्याने त्याचे काहीही नुकसान झालेले नसते.

लग्नाचा उपाय सुचवणाऱ्यांविषयी मला फार तीव्रतेने बोलावेसे वाटते. त्या उपायात आणखी एक मुलगी असते, जिला काहीच सांगितलेले नसते. स्थळ पाहायला निघालेल्या आईवडिलांसमोर समुपदेशक तटस्थ राहिला, तर त्या दोन्ही आयुष्यांच्या बाबतीत तो तटस्थ राहिलेला नसतो.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा हा विषय आपल्याला पुरेसा समजलेला नाही हे मान्य करून ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे बसले आणि त्यानंतरच त्यांनी लैंगिकता 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई करणारे निर्देश दिले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मात्र आयोगाची पकड नोंदणीकृत डॉक्टरांवर आहे. समुपदेशक म्हणून नुसती पाटी लावणाऱ्यावर नाही.

एक पालक, खानापूर
मी विरोधात लिहितो आहे, पण द्वेषाने नाही. अठराच्या आतील मुलांचे काय? इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने अल्पवयीनांना दिली जाणारी यौवनरोधक (वयात येणे लांबवणारी) औषधे आणि हार्मोन यांमागचा पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले. जिथे मोठी आरोग्ययंत्रणा थबकली, तिथे आपल्या तालुक्यात मुलाचे प्रत्येक म्हणणे लगेच मान्य करणारा समुपदेशक मला नको आहे. माझ्या मुलीने उद्या असे काही सांगितले, तर कोणीतरी तिला सावकाश प्रश्न विचारावेत, अशी माझी अपेक्षा राहील.

सीमावासी, बेळगाव
तुमची काळजी मी हलकी मानत नाही. परंतु तो अहवाल औषधांबद्दल आणि सेवेच्या रचनेबद्दल आहे. पारलिंगी ओळखीच्या वैधतेला धक्का लावण्याचा आपला उद्देश नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. समुपदेशनाच्या खोलीत औषध दिले जात नाही आणि वयात येण्यापूर्वी वैद्यकीय उपाय करावेत, असे कोणतेही प्रमाणित मार्गदर्शन सांगत नाही. अल्पवयीनाच्या उपचारात पालकांचे स्थान कायद्यानेच राखलेले आहे. सावकाश प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर काय यावे हे आधी ठरवून विचारू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये केरळमधील एका प्रकरणात बजावले की व्यक्तीची ओळख किंवा आकर्षण बदलावे या हेतूने न्यायालयांनी समुपदेशनाचा आदेश देऊ नये. न्यायाधीशाला जे वर्ज्य आहे, ते समुपदेशकाला चालेल असे कसे म्हणता येईल?

यल्लम्माचा भक्त, सौंदत्ती रस्ता
हा सगळा विचार बाहेरून आणण्याची गरज नाही, असे मला वाटते. आमच्या यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पांना, म्हणजे देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेशात राहणाऱ्या भक्तांना, पिढ्यान्‌पिढ्या मान आहे. पौर्णिमेच्या यात्रेला कोल्हापूर-सांगलीकडचे लोकही त्यांच्या पाया पडतात. परंपरेने जे स्वीकारले आहे, ते परक्या पद्धतीने पुन्हा शिकवू नये.

निपाणीची वाचक
तो मान खरा आहे आणि मला त्याचा आदर आहे. जोगती परंपरेतील मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, हे या मातीचेच भूषण आहे. पण ती वाट देवीला सोडण्याच्या अटीवर उघडते. ज्या पारलिंगी मुलीला परिचारिका व्हायचे आहे किंवा तहसील कार्यालयात नोकरी करायची आहे, तिने काय करावे? कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींना एक टक्का आरक्षण दिले, ते अशांसाठीच. आणि एका स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला तर डोंगरावरही जागा नाही. पाया पडणाऱ्या किती घरांनी स्वतःच्या मुलाला तसे राहू दिले आहे, हेही स्वतःला विचारावे.

एक समुपदेशक, टिळकवाडी
चर्चेतला एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. नातेवाईक दुभाषा असेल, तर गोपनीयता उरत नाही. तालुका रुग्णालयात मंगळवारच्या मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात दाराबाहेर गल्लीतलेच लोक बसलेले असतात. अशा वेळी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या, क्रमांकावर मराठीतून बोलता येते हे तरी प्रत्येकाला सांगितले पाहिजे. एका खोलीच्या घरातून तो फोन कुठून करायचा, हा प्रश्न मात्र उरतोच.

आजार नाही हे पहिल्या भेटीत सांगण्यास आता माझी हरकत नाही. मात्र ते मी क्लायंटला एकट्याला सांगेन आणि आईवडिलांना काय, किती आणि केव्हा सांगायचे हे त्याला विचारून ठरवेन. आईवडिलांना खोलीबाहेर ठेवा, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. त्यांच्याबरोबर वेगळ्या भेटी घ्याव्याच लागतील, कारण मुलगा रात्री जेवायला त्यांच्याच घरी बसणार आहे.

सीमावासी, बेळगाव
बाहेर ठेवा असे मी म्हटलेले नाही. आईवडिलांच्या वेगळ्या भेटी घ्याच, पण त्या भेटींत लग्नाचा विषय निघेल तेव्हा आपण काय उत्तर देणार, हे इथे लिहावे अशी माझी आपल्याला विनंती आहे.